वेसेलचं उरलेलं काम

मार्चमधली दुपार होती. तोफा तपासायच्या मैदानावरच्या उंच खांबावरून लाल टोपली खाली आली, तशा गेसिना टोबेनने घराच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या. आमच्याकडे टोपली चढली की खिडक्या सताड उघडायच्या आणि उतरली की लावायच्या, मग बाहेर बर्फ का पडेना. न उघडाल तर तोफेच्या दणक्याने काचा घरभर. चार वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लहान पोरंही झोपेतून उठून खिडकीची कडी काढायची.

शेवटची खिडकी लावताना तिला चुलीशेजारी डबा दिसला. बकव्हीटची धिरडी आणि चरबीचा एक तुकडा. तिचा नवरा लाम्बर्ट डबा विसरूनच दलदलीत गेला होता. "डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही विसरला असता," असं पुटपुटत तिने रुमाल बांधला आणि डबा घेऊन निघाली.

तोफ उडायची त्या दिवशी शिवणखोलीला सुट्टी असे, म्हणून ती घरी होती. एरवी गावातल्या बायकांबरोबर ती मैदानावर तोफेच्या दारूच्या पिशव्या शिवायची. त्या पिशव्या रेशमाच्या. आमच्या पोरींना लग्नात रेशमी रुमाल मिळायची मारामार, आणि तोफेला मात्र प्रत्येक बाराला नवा रेशमी झगा. कारण सुती कापड जळलं तरी त्याचा निखारा नळीत धुगधुगत राहतो आणि पुढची दारू भरताना माणसांचा जीव घेतो. रेशीम मागे काही ठेवत नाही.

गाव त्या तोफेला 'पाहुणी' म्हणे. दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि मुक्काम ठोकून बसली. होती आरमाराची, आणि समुद्र इथून रेल्वेने दिवसभराच्या वाटेवर. ज्या जहाजावर ती बसायची होती ते जहाज अजून कागदावरच होतं, आणि युद्ध जसं चाललं होतं त्यावरून ते कागदावरच राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी पाहुणी खोकत राहिली. तिचे गोळे माणसाच्या उंचीचे. पोटात दारूऐवजी वाळू भरून ते दलदलीपलीकडे फेकायचे, आणि मग चिखलात रुतलेला गोळा उकरून काढून परत न्यायचा, म्हणजे त्याच्या कमरेचा तांब्याचा पट्टा नळीत कसा घासला गेला ते साहेबांना बघता येई. हे उकरायचं काम लाम्बर्टचं होतं. आणि गेल्या ऑक्टोबरपर्यंत त्याच्याबरोबर त्यांचा मुलगा वेसेल असायचा.

गेसिना फळ्यांच्या वाटेने चालत होती. दोन्ही बाजूंना काळं पाणी आणि हेदरची खुरटी झुडपं, अजून वाळकी, तपकिरी. धुकं गुडघ्याएवढं. जळक्या दारूचा आंबूस वास हवेत राहिला होता आणि त्याखाली दलदलीचा तो जुना वास, तळघरातल्या ओल्या बटाट्यांसारखा. पुढे फावड्याचा आवाज यायला हवा होता. तो येत नव्हता. ती थांबली, कान दिला. कुठे पक्षीसुद्धा नाही.

लोटे घोडी दिसली, चारही खुरांना लाकडी पाट बांधलेली, रुतू नये म्हणून. ती एकाच दिशेला कान करून उभी होती. लाम्बर्ट उलट्या बादलीवर बसून पाइप ओढत होता. फावडं बाजूला, कोरडं. आणि त्याच्यासमोर हेदरवर गोळा आडवा पडला होता, घासूनपुसून लख्ख, नाक गावाकडे.

"डबा विसरलात."

"हं. ठेव."

"गोळा वरच पडला?"

"वर कसा पडेल? ते बघ." त्याने पाइपने दाखवलं. पंचवीस-तीस पावलांवर एक भोक होतं, काळ्या पाण्याने काठोकाठ भरलेलं. कडा ताज्या होत्या.

"मग काढला कुणी?"

लाम्बर्ट विझलेला पाइप ओढत राहिला.

"अहो, मी काय विचारतेय? वर काढला कुणी?"

"तो काढतो," लाम्बर्ट म्हणाला.

कोण, हे तिने विचारलं नाही. तिने डबा खाली ठेवला.

वेसेल एकोणीस वर्षांचा होता. त्याचा डावा कान पाहुणीनेच फोडला होता, पहिल्याच वर्षी. त्या कानामुळे त्याला सैन्यात घेतलं नाही, आणि गेसिना दर रविवारी चर्चमध्ये त्या फुटक्या कानासाठी देवाचे आभार मानायची. बाकीच्या आयांची पोरं रशियात गोठत होती, तिचा घरी जेवायला यायचा. मग ऑक्टोबरमध्ये एका खड्ड्याची बाजू खचायला लागली. लाम्बर्ट वरून ओरडला. पण तो वेसेलच्या डाव्या बाजूला उभा होता. काळी माती आली आणि बंद झाली, बस. चार दिवस सगळा गाव उकरत होता. त्याची टोपीसुद्धा मिळाली नाही.

आमच्याकडे प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. भाऊ परका होईल, पण पहिला शेजारी नाही. बाळ जन्मलं की सुईणीला तो आणतो, लग्नात हार तो बांधतो, आणि घरात कुणी गेलं की काळा कोट घालून, हातात काठी घेऊन दारोदार सांगायला तोच जातो. टोबेनांचा पहिला शेजारी बेरेंड कोसेन. तो बाकीच्या शेजाऱ्यांना घेऊन तिरडीसकट आला होता, पाचव्या दिवशी. अंगणात उभे राहिले, टोप्या हातात. मढं नाही, तर उचलायचं काय? आणि मढं पाहिल्याशिवाय मेला म्हणून सांगायचं तरी कसं? तिरडी रिकामीच परत गेली. पोरगा ना धड मेलेला, ना धड जिवंत. गेसिनाला तेव्हा रडूसुद्धा नीट आलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने आता विचारलं.

"नाताळापासून. त्याच्या जागी दिलेले दोघे लढाईवर गेले, मी एकटा आलो. म्हटलं, आज नाही जमणार, उद्या बघू. उद्या आलो तर हे असं."

"तीन महिने! आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू फादरांकडे गेली असतीस."

"गेलेच असते."

"म्हणूनच नाही बोललो."

एकटा म्हातारा आणि एक घोडी मिळून टनभर लोखंड चिखलातून कसं उपसतात, हा प्रश्न मैदानाच्या कचेरीत कुणाला पडला नव्हता. काम होतंय ना, मग झालं. गेसिना गोळ्याजवळ बसली. तांब्याच्या पट्ट्यावरच्या चऱ्यांत हेदरच्या काड्या अडकल्या होत्या. वेसेल असाच पुसायचा, हेदरची मूठ पिळून. आणि नाक गावाकडे करून ठेवायचा, म्हणजे गाडीवर चढवताना गोळा फिरवावा लागत नाही. तिने हात ठेवला. लोखंड गार असायला हवं होतं. ते गार नव्हतं, ऊबही नव्हती. आत्ताच कुणीतरी हात काढून घेतला असावा, इतपतच होतं.

"वेसेल," ती हळूच म्हणाली.

"हाक मारू नकोस... घोडी बिथरते."

भोकातल्या पाण्यावर एक बुडबुडा आला. वर येऊन तसाच राहिला, फुटेना. लोटेने नाक फुरफुरलं आणि मान त्या बाजूला लांब केली, वेसेल साखर द्यायचा तेव्हा करायची तशी.

"त्याला कुणी सांगितलंच नाही, हो," गेसिना म्हणाली. "पोराला कुणी सांगितलंच नाही, तू गेलास म्हणून. तो अजून कामावर आहे. ओल्या कपड्यांत. पाच महिने."

"असू दे की."

"असू दे?"

"मी इथे बसतो, तो तिथे असतो. पूर्वीही आम्ही असेच असायचो. आम्ही बापलेक कधी गप्पा मारत बसायचो का?" लाम्बर्टने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तू त्याला सांगितलंस तर तो जाईल, गेसिना. मग मी इथे येऊन काय करू?"

तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं कधी बोलला नव्हता. तिने धिरडी काढून त्याच्या हातात दिली आणि तो खाईपर्यंत उभी राहिली. जाताना तिच्या लक्षात आलं की त्याने एक धिरडं बाजूला काढून फडक्यात ठेवलं आहे.

दोन आठवडे तिने हे कुणालाच सांगितलं नाही. लाम्बर्टच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता हे तिला दिसत होतं. तो कामावर जाताना दाढी करून जायचा. मग एका सकाळी शिवणखोलीत विल्मेसबाईंनी, म्हणजे त्यांच्या मुकादमीणबाईंनी, टेबलावर कात्री आपटली.

"ऐका गं. पिशव्यांचं माप बदललंय, दोन बोटं जास्त. इस्टरनंतर वाळूचे गोळे बंद. आता भरलेले."

"भरलेले म्हणजे?" गेसिनाने विचारलं.

"म्हणजे फुटणारे. आणि सगळेच काही फुटत नाहीत. न फुटलेला दलदलीत राहिला तर तुझ्या नवऱ्याने त्याला बोटही लावायचं नाही, नुसती लाल काठी रोवून यायचं. हुकूम आलाय. सांग घरी, उगाच मर्दुमकी नको म्हणावं."

गेसिनाची सुई रेशमात तशीच राहिली. लाम्बर्टला हुकूम सांगता येईल. दलदलीत जो आहे त्याला हा हुकूम कोण सांगणार? तो खाली जाईल, न फुटलेला गोळा छातीशी धरून वर काढेल, हेदरच्या मुठीने रगडून पुसेल आणि आपल्या बापाच्या पायाशी आणून ठेवेल.

त्या संध्याकाळी ती कोसेनच्या घरी गेली. बेरेंड कोसेन चुलीपाशी बसून खडावा तासत होता. कोपऱ्यात त्याची आई, म्हातारी आलाइडा, माळ ओढत होती. नव्वदीला टेकलेली, दात गेले, डोळे गेले, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून.

"बेरेंड, आमच्या वेसेलची खबर सांगायची राहिलीय."

"मढं मिळालं?"

"नाही."

"मग कशी सांगू, गेसिना? उद्या कुणीही उठून सांगत सुटेल. रीत आहे."

"गावाला नको सांगूस. त्याला सांग."

तिने सगळं सांगितलं. बेरेंडचा चाकू थांबला. तो देवभोळा, साधा माणूस. भुताबिताला घाबरतो हे कबूल करायची त्याला लाज वाटायची, पण घाबरायचा.

"आई तू आहेस. तू का नाही सांगत?"

"घरच्यांनी घरच्या मरणाची खबर द्यायची नसते. हे मी तुला सांगायचं का?"

"जा रे," कोपऱ्यातून आलाइडा म्हणाली. "लग्नात त्यांच्याकडे बसून हॅम झोडायला पहिला शेजारी, आणि आता शेपूट घालतोस? आणि लक्षात ठेव, उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. उत्तर नाही तर निरोप पोचला नाही."

ही आमच्याकडची रीतच आहे. सांगणारा दारावर काठी वाजवतो, आत पाऊल टाकत नाही, मेलेल्याचं नाव घेतो आणि थांबतो. आतून कुणीतरी 'देव त्याला विसावा देवो' म्हणतं. मगच तो पुढच्या दाराकडे वळतो.

बेरेंड रविवारी प्रार्थनेनंतर गेला, काळा कोट घालून. गेसिना फळ्यांच्या वाटेच्या तोंडाशी थांबली. "मोठ्याने सांग," ती मागून म्हणाली, "आणि उजव्या बाजूने. डावा कान गेलाय त्याचा." तो धुक्यात शिरला. काठी फळीवर वाजल्याचं तिने ऐकलं. मग त्याचा आवाज, चर्चमधल्यासारखा खडा, "लाम्बर्टचा मुलगा वेसेल टोबेन गेला." त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग बेरेंडची पावलं आली, जाताना होती त्यापेक्षा बरीच घाईची.

"आलं उत्तर?"

"आलं," तो म्हणाला. कपाळ पुसलं. "आलं, गेसिना. जा आता घरी."

ती घरी गेली आणि ऑक्टोबरपासून अडकलेलं सगळं रडली. लाम्बर्ट गोठ्यात लोटेला खरारा करत होता. तिने त्याला सांगितलं. त्याने फक्त मान हलवली आणि खरारा करतच राहिला. त्या रात्री तो जेवला नाही.

पुढे महिनाभर तोफ बंद होती. नळी झिजली होती, नवी आली, ती बसवायला वेळ गेला. गावाच्या खिडक्या बंद, वसंताची ऊब आत कोंडलेली. फादरांनी वेसेलच्या नावाने प्रार्थना म्हटली. गेसिनाला झोप लागू लागली. लाम्बर्ट मात्र रोज सकाळी उगाचच दलदलीच्या कडेपर्यंत जाऊन यायचा. गोळा नाही, काम नाही, तरी जायचा. आल्यावर ती विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही.

इस्टरनंतरच्या आठवड्यात टोपली चढली. यावेळी दोन दणके यायचे, एक इथे, आणि जरा वेळाने दुसरा, दूर, जमिनीतून पायांत येणारा. गेसिना परसात उभी राहून दुसरा ऐकायची. एकदा पहिला आला आणि दुसरा आलाच नाही. तिने वाट पाहिली. बदकं पुन्हा पाण्यात उतरली तरी आला नाही.

लाम्बर्ट संध्याकाळी परतला. "काठी रोवून आलो," म्हणाला.

"हात लावला नाहीत ना?"

"नाही."

"आता कुणी काढणार नाही तो. तुम्हीही नाही. कळलं ना?"

"कळलं गं," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जरा वेळ तिथेच राहिला. तेवढ्यावरून तिला कळायला हवं होतं, असं ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली.

सकाळी उजाडताना तिला जाग आली तेव्हा त्याची बाजू रिकामी होती. खुंटीवर कोट नव्हता. फावडं होतं, नेलं नव्हतं. तो उकरायला गेलाच नव्हता. पोरगा खरंच गेला की अजून आहे, एवढंच त्याला बघायचं होतं. गेसिनाने खडावा चढवल्या आणि दार उघडं टाकून धावली.

लाल काठी आडवी पडली होती. भोकाची कडा एका बाजूने सरकलेली, वरचं पाणी अजून गढूळ. कुणीतरी पोटावर पडून आत हात घातल्याच्या खुणा होत्या, आणि त्या खुणा भोकात उतरत होत्या. लाम्बर्ट आत नव्हता. तो हेदरवर पडलेला होता, उताणा, हात छातीवर, पाय जुळवलेले. चिखलाचा एक थेंब अंगावर नाही. कान, नखं, बुटांच्या टाचासुद्धा पुसलेल्या. ओल्या केसांना रविवारचा भांग. डोकं गावाकडे. आणि त्याच्या दाढीच्या खुंटांत हेदरच्या बारीक काड्या अडकलेल्या होत्या.

ती त्याच्याजवळ बसली. ती किंचाळली नाही. "सावकाश पुसायचं होतंस रे," ती म्हणाली, "गाल सोलवटलाय बघ त्यांचा." भोकातलं पाणी हललं नाही.

लोक आले ते तिने बोलावण्याआधीच आले. तिरडी घेऊन, काळे कपडे घालून, टोप्या हातात. सगळा गाव फळ्यांच्या वाटेने ओळीने येत होता. पुढे बेरेंड कोसेन, चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" गेसिनाने विचारलं.

बेरेंडने मागे पाहिलं. बाकीच्यांनी खाली पाहिलं.

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला. "मी घरीच होतो, गेसिना. आमच्याही दारावर काठी वाजली."

लाम्बर्टला पुरलं. रीतीप्रमाणे खबर देणाऱ्याला त्या घरी जेवू घालतात, ब्रेड, हॅम आणि धान्याच्या दारूचा एक घोट. बेरेंड टेबलाशी बसला, पण त्याने ताट बाजूला सरकवलं.

"हे माझं नाही. मी दारोदार गेलोच नाही. आणि... त्या रविवारीसुद्धा माझं काम झालं नव्हतं."

"म्हणजे?"

"उत्तर आलं नव्हतं. मी नाव घेतलं, थांबलो. खाली कुठेतरी फावडं चालल्यासारखा आवाज येत होता. एका लयीत. त्याचं नाव घेऊन झालं तरी तो थांबला नाही. मी घाबरलो, गेसिना. आणि तू तिथे अशी उभी होतीस... मला 'नाही' म्हणवलं नाही."

गेसिनाने त्याला शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या असं गावातल्या काहींचं मत आहे. ती उठली आणि घरोघर फिरली. प्रत्येक दाराशी एकच विचारायची, "कसा दिसत होता? थंडीने काकडत होता का?" आणि प्रत्येक दाराशी तिला एकच उत्तर मिळालं. काठी वाजली. आवाज आला, दबका, घशात पाणी असल्यासारखा. "लाम्बर्ट टोबेन गेले." आतल्यांनी 'देव त्याला विसावा देवो' म्हटलं, पांघरुणातूनच. दार कुणी उघडलं नाही.

"एकानेही नाही?" ती म्हणाली. "अख्ख्या गावात एकानेही माझ्या पोराला दार उघडलं नाही? आणि माझं दार सताड उघडं होतं. माझ्याकडे तो आला नाही."

"तुझ्याकडे कसा येईल?" म्हातारी आलाइडा म्हणाली. "ज्या घरातलं माणूस गेलं तिथे सांगायला जात नसतात. चांगल्या आईबापाचा आहे, घरच्याने सांगू नये एवढं सोडून बाकी रीत पाळली त्याने." तिने गेसिनाचा हात चाचपडून धरला. "मी बोलले त्याच्याशी. दाराआडूनच. डोळे असते तर उघडलं असतं."

"काय बोललीस?"

"म्हटलं, वेसेल, तूही गेलास ना रे बाळा? तर म्हणाला, मी कुठे गेलो, मी कामावर आहे."

गेसिना खाली बसली.

"म्हटलं, पुरे झालं, घरी जा, आई वाट बघतेय. तर म्हणाला, अजून पुष्कळ आहेत खाली. काम संपलं की जाईन."

त्या आठवड्याच्या शेवटी टोपली पुन्हा चढली. गेसिनाने खिडक्या उघडल्या आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. पहिला दणका, दुसरा दणका. पहिला, दुसरा. पहिला, आणि दुसरा नाही. ती तोंडावर हात धरून उभी होती. सोमवारी शिवणखोलीत तिने एक पिशवी हातात घेतली, रेशमावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवली. पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली.

"हात का थांबला गं?" विल्मेसबाईंनी विचारलं. विधवा झाल्यापासून तिच्याशी त्या जरा मऊ बोलायच्या.

"एक पिशवी म्हणजे एक गोळा ना, बाई?"

"मोठ्या बाराला चार लागतात. का?"

"काही नाही," ती म्हणाली. सुई टोचू नये म्हणून घातलेलं टोपण बोटातून काढून टेबलावर ठेवली आणि घरी गेली ती परत आलीच नाही. पिशव्या दुसऱ्या कुणी शिवल्या. कुणीतरी शिवणारच होतं.

युद्ध संपायला आणखी दोन वर्षं लागली. इंग्रज आले आणि त्यांनी पाहुणीचे तुकडे केले, गॅसच्या ज्योतीने कापून. तिने एक जहाज बुडवलं नाही, एक शत्रू मारला नाही. दलदलीभोवती तार लागली, कवटीच्या पाट्या लागल्या. आत किती न फुटलेले आहेत हे कुणालाच माहीत नाही. तारेजवळची घरं एकेक करून रिकामी झाली. कोसेनसुद्धा गेले, आलाइडाला पुरल्यावर. राहिली फक्त गेसिना, आता म्हातारी, कंबरेत वाकलेली. तिच्या दाराला रात्रीसुद्धा कडी नसते.

बर्फ वितळलं की दर वसंतात एक गोळा तारेच्या अलीकडे सापडतो. पुसलेला. ती फोन असलेल्या दुकानापर्यंत चालत जाते आणि सरकारी माणसं येऊन तो उचलून नेतात. ती त्यांना कॉफी करून देते. त्यांच्यातला एक तरुण मुलगा यंदा हात धुताना म्हणाला, "आजी, इथे राहू नका हो. कधीतरी एखादा उडेल."

"उडेलही."

"मग निघा ना."

"निघेन," ती म्हणाली. "पोरगा कामावर आहे. त्याचं आटोपलं की निघू दोघं."

म्हातारपणी असं होतं, असं त्याने बरोबरच्या माणसाला खुणेनं सांगितलं असेल. गेसिनाने खिडकीतून बाहेर पाहिलं. मागच्या वर्षीचा गोळा तिच्या कुंपणापाशी सापडला होता, त्याआधीचा ओढ्यापाशी. यंदाचा परसातल्या विहिरीजवळ मिळाला, आणि त्याच्या बाजूच्या गवतावर कुणीतरी बराच वेळ दम खात बसल्यासारखं गवत दबलं होतं. संध्याकाळ झाली तरी ते वर उठलं नव्हतं.